पीए स्कूलसाठी पेशंट केअरचे तास : सीएनए, ईएमटी की स्क्राइब?

सदाफुली, ३ मे

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं माकलं सांभाळून घ्या. आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक बायॉलॉजी घेऊन ज्युनियर इयर (कॉलेजचं तिसरं वर्ष) संपवतेय आणि तिला डॉक्टर नाही, पीए (फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांच्या टीममध्ये पेशंट तपासणारी) व्हायचंय. जीपीए बरा आहे (३.६), शॅडोइंग (डॉक्टरांच्या मागे उभं राहून नुसतं बघणं) केलंय ४० तास, हॉस्पिटलच्या गिफ्ट शॉपमध्ये व्हॉलंटियर होती. आता तिची अॅडव्हायजर म्हणते की हे सगळं छान पण पेशंट केअरचे तास शून्य आहेत, ते नसतील तर अर्ज करूच नकोस.

तर तिने स्वतःच ठरवलं की सीएनए (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट) चा कोर्स करते आणि नर्सिंग होमला लागते. आणि घरात महाभारत. सासूबाई सध्या सहा महिन्यांसाठी आल्यात, त्यांचं म्हणणं, आपल्याकडे ही कामं हॉस्पिटलातल्या मावशी करतात, पोरीला एवढं शिकवलं ते लोकांची शी-शू काढायला का. नवरा तोंडाने म्हणत नाही पण त्याचंही तेच मत, तो स्क्राइब-स्क्राइब (डॉक्टरांच्या नोट्स टाईप करणारा) करतोय कारण त्यात कॉम्प्युटर आहे :) मला खरंच कळत नाहीये. कोणी या रस्त्याने गेलेलं आहे का? किती तास लागतात, कुठले धरतात, कुठले धरत नाहीत?

जर्सीकर, ३ मे

वाचतोय. आमचं पोरगं आत्ताच यातून बाहेर पडलंय, रात्री सविस्तर लिहितो.

रात्रपाळी, ३ मे

सदाफुली, लेकीचं अभिनंदन, तिने स्वतः सीएनए निवडलं म्हणजे पोरगी शहाणी आहे. मी टेक्सासमध्ये पीए आहे, इमर्जन्सीत, आयडीवरून कळलंच असेल. जरा लांबण लावते.

अर्ज जवळजवळ सगळ्यांचा कॅस्पा नावाच्या एकाच पोर्टलवरून जातो, एप्रिलच्या शेवटी उघडतं. त्यात अनुभवाचे वेगवेगळे खाने आहेत आणि सगळी मेख तिथेच आहे. पेशंट केअर एक्सपिरियन्स म्हणजे पीसीई, ज्यात तुमचा हात पेशंटला लागतो आणि त्याची काही ना काही जबाबदारी तुमच्यावर असते, व्हायटल्स (बीपी, पल्स, ताप) घेणं, रक्त काढणं, भरवणं, उठवणं-बसवणं, प्रोसीजरला मदत. दुसरा हेल्थकेअर एक्सपिरियन्स, एचसीई, म्हणजे असता दवाखान्यातच पण पेशंट तुमच्या हातात नसतो, रिसेप्शन, बिलिंग, जेवणाचे ट्रे पोचवणं. शॅडोइंगचा खाना तिसराच, व्हॉलंटियरिंगचा चौथा. एक तास एकाच खान्यात टाकायचा, दोनदा मोजायचा नाही. गिफ्ट शॉप कितीही वर्षं केलं तरी पीसीई होत नाही, वाईट वाटून घेऊ नकोस.

किती तास, याला एक उत्तर नाही. कुठे ५०० मागतात, कुठे १०००, कुठे २०००, काही ठिकाणी किमान असा आकडाच नसतो. पण किमान म्हणजे दाराची उंची, आत कोण बसलंय ते वेगळं. फुल टाइम वर्षभर काम केलं की साधारण २००० होतात, म्हणून खूप मुलं डिग्रीनंतर एक-दोन गॅप इयर घेतात आणि पंचविशीच्या आसपास पीए स्कूलला लागतात. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेव, नाहीतर 'वर्ष वाया गेलं' सुरू होईल.

आणि तास का मागतात तेही सांगते, कारण मला ते पटतं. हा पेशाच मुळात हात चाललेल्या माणसांसाठी काढलेला आहे. १९६५ साली ड्यूक युनिव्हर्सिटीत डॉ. युजीन स्टेड यांनी पहिली बॅच घेतली ती चार जणांची, चौघंही नेव्हीत कोअरमन होते, म्हणजे पेशंट सांभाळण्याची कामं करून आलेले. त्यातले तिघं १९६७ मध्ये पास झाले. त्यामुळे कोर्स मेडिकल स्कूलपेक्षा छोटा, साधारण २७ महिने, त्यात अर्धा वेळ क्लिनिकल रोटेशन. पेशंटजवळ उभं कसं राहायचं हे शिकवायला त्यात वेळच नसतो, ते शिकूनच या असा हिशोब आहे.

टिंगूमिंगू, ३ मे

सासूबाईंना सांगा, आम्ही आयटीवाले पण आयुष्यभर लोकांनी केलेली घाणच काढतो. दिवे घ्या.

खारी_बिस्किट, ४ मे

स्क्राइबबद्दल मी बोलू शकते, दीड वर्ष केलंय. शिकायला प्रचंड मिळतं यात वादच नाही, डॉक्टर काय विचारतो, का विचारतो, कुठली टेस्ट कशासाठी लावतो, सगळी नोट तुम्हीच टाईप करता त्यामुळे भाषा तोंडात बसते, पीए स्कूलमध्ये पहिल्याच महिन्यात फरक दिसला. पण पेशंटला हात लावायचा नाही, लावलात तर ओरडा. मी अर्ज केला तेव्हा काही कॉलेजांनी ते पीसीई धरलं आणि काहींनी सरळ एचसीईत टाका म्हणून सांगितलं, म्हणजे माझे १५०० तास कुठे १५०० होते आणि कुठे शून्य. त्यातून शेवटचे सहा महिने मी रिमोट स्क्राइब होते, घरात पायजम्यावर बसून, त्याला तर कोणीच विचारलं नाही. शेवटी फ्लेबॉटमी (तपासणीसाठी रक्त काढणं) शिकले आणि लॅबला लागले.

फ्लेबॉटमीत पण एक आहे, दिवसाला ४०-५० जणांचं रक्त काढता पण प्रत्येकाशी संबंध चार मिनिटांचा. शीर सापडायची बोटांना सवय होते, डोळ्यांनी नाही बोटांनी हं, दिसणारी शीर बऱ्याचदा दगा देते. रक्त भरताना निळ्या झाकणाची नळी जांभळीच्या आधी हे झोपेतही विसरणार नाही आता.

जर्सीकर, ४ मे

आमच्या पोराने ईएमटी (अँब्युलन्सवर जाऊन प्राथमिक उपचार करणारा) केलं. आपल्याकडे जर्सीत गावोगावी व्हॉलंटियर फर्स्ट एड स्क्वॉड आहेत, सदाफुलीताई तुमच्या टाउनमध्येही असेल, चौकशी करा. स्क्वॉडमार्फत गेला म्हणून कोर्सची फी राज्याच्या ईएमटी ट्रेनिंग फंडातून गेली, आमच्या खिशातून फक्त बूट आणि पँट.

पहिल्या कॉलला मी धास्तावून जागाच होतो. बाथरूममध्ये पडलेल्या एक आजी. बाकीची मंडळी बोर्ड आणेपर्यंत याला काय काम तर आजींचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून मान हलू द्यायची नाही. ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि त्यांच्या मांजराबद्दल बोलत राहिला कारण त्यांना घाबरून मान वळवायची होती. घरी आला तर पँट गुडघ्यापर्यंत ओली आणि चेहरा असा की मी काही विचारलंच नाही, चहा टाकला.

आता तोटे. व्हॉलंटियर तास बरीच कॉलेजं पीसीईत घेतात पण काहींना पगारीच लागतात, त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं ते वाचा. आणि गावात कॉल कमी. १२ तासांच्या ड्युटीत कधी एक कॉल, कधी एकही नाही, पोरं बसतात टीव्ही बघत. घरी रेडिओ उशाला घेऊन झोपलेले तास मोजू नका, इंटरव्ह्यूत एका प्रश्नात उघडं पडतं. आमच्याने नंतर हॉस्पिटलात ईआर टेक (इमर्जन्सीत नर्स-डॉक्टरांना मदत करणारा टेक्निशियन) म्हणून नोकरी धरली, ईएमटीचं सर्टिफिकेट तिथे चाललं, आणि खरे तास तिथे झाले.

मिरजेची_सून, ५ मे

अगं सदाफुली एवढं कशाला डोक्याला ताप करून घेतेस, आमच्या दिरांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे, सुट्टीत दोन महिने पाठवून दे. आमच्या नणंदेचा मुलगा आला होता बोस्टनहून, इंजेक्शनं दिली, टाकेसुद्धा घातले, तिकडे वर्षभर शिकवणार नाहीत ते इथे आठवड्यात शिकला. सर्टिफिकेटही मिळेल.

रात्रपाळी, ५ मे

मिरजेची_सून, तुझा हेतू चांगला आहे हे माहितीये म्हणून रागावू नकोस, पण हे करू नये असं मला फार वाटतं. एक तर अर्जात लिहिलं की इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न येतो, कुठल्या ट्रेनिंगवर टाके घातलेस? त्याला उत्तर नाही. अशा 'अनुभवाने' अर्जाचं वजन वाढत नाही, पोराला मर्यादा कळत नाहीत असं दिसतं. आणि दुसरं, ते जाऊ दे अर्जाचं, ज्याला टाके घातले त्या माणसाला माहीत होतं का की हा बायॉलॉजीचा विद्यार्थी आहे? त्याला विचारलं होतं का कोणी?

दिरांच्या हॉस्पिटलात जाऊन बघायला काहीच हरकत नाही. ओपीडीत मागे उभं राहायचं, हात मागे बांधून. ते शॅडोइंगमध्ये टाकायचं.

मिरजेची_सून, ५ मे

राग नाही गं. हे असं डोक्यातच आलं नव्हतं खरं सांगायचं तर. दिरांना विचारते.

दातकोरणं, ६ मे

धाग्याशी थोडं अवांतर पण इथेच विचारते. मी नागपूरहून बीडीएस, तिथे तीन वर्षं प्रॅक्टिस केली, आता एच४ वर (नवऱ्याच्या एच१बी नोकरीमुळे मिळणारा व्हिसा) ओहायोत. पीए करायचा विचार आहे. माझे तिकडचे तास चालतात का? आणि एच४ वर सीएनए ची नोकरी करता येते का?

रात्रपाळी, ६ मे

दातकोरणं, आयडी भारी आहे. कॅस्पात भारतातले तास टाकता येतात, पण धरायचे की नाही हे ज्या त्या कॉलेजचं. काही ठिकाणी फक्त अमेरिकेतले, काही ठिकाणी गेल्या काही वर्षांतलेच. यादी करून प्रत्येकाला मेल कर आणि उत्तरं जपून ठेव. मेल करताना हेही विचार की सिटिझन किंवा ग्रीन कार्ड लागतं का, बऱ्याच कॉलेजांना लागतं, तास जमवून झाल्यावर ते कळलेलं बरं नाही.

नोकरीचं म्हणशील तर वर्क परमिट नसताना पगारी काम नाही म्हणजे नाही. २०१५ पासून एच४ च्या जोडीदारांना ईएडी (म्हणजे वर्क परमिट) मिळतं पण त्याला सहसा नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालेलं लागतं. तोपर्यंत हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची सेवा) वगैरे ठिकाणी, जिथे खरोखरच सगळेच बिनपगारी असतात, तिथे व्हॉलंटियर करता येतं. 'आत्ता फुकट कर, परमिट आलं की पगार देऊ' असं कोणी म्हटलं तर तिथून निघ. मी वकील नाही, वकिलाला विचार.

आणि मोठ्या मुलांच्या आयांनी हेही लक्षात घ्या, एच४ वरच्या मुलांना ते ईएडी मिळत नाही, ते फक्त नवरा-बायकोसाठी. माझ्या ओळखीतली एक हुशार पोरगी यातच अडकलीये.

निवांत, ६ मे

माहितीत भर : भारतातही पीए आहे. १९९२ साली चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केलं, हार्ट सर्जरीच्या टीमसाठी. आता बी.एस्सी. करता येतं, २०२१ च्या अलाइड हेल्थकेअरच्या कायद्यातही त्याचा समावेश आहे. पण त्या डिग्रीवर अमेरिकेतली पीएची परीक्षा देता येत नाही, तिथलाच मान्यताप्राप्त कोर्स लागतो. भाचीच्या वेळी ही चौकशी केली होती.

सदाफुली, ७ मे

बापरे किती माहिती, सगळ्यांचे आभार. सीएनए केलेलं कोणी आहे का पण? ती त्यावरच अडून बसलीये.

शेपू, ८ मे

मी केलंय, दोन वर्षं, जर्सीतच. माझं मराठी लिहिणं सांभाळून घ्या, इथेच वाढले, आईने जबरदस्तीने मराठी शाळेत घातलं होतं (थँक यू आई). काही डिटेल्स बदलून लिहितेय कारण पेशंटची प्रायव्हसी.

कोर्स जर्सीत ९० तासांचा आहे. मग स्किल टेस्ट. त्यात हात धुणं असतंच आणि मुली त्यातच नापास होतात, कारण हात धुऊन झाल्यावर नळ पेपर टॉवेलने बंद न करता हातानेच करतात. दुसरं म्हणजे निघताना कॉल बेल पेशंटच्या हाताशी ठेवायची राहते. पल्स मोजून झाली की मनगट सोडायचं नाही, तसंच धरून गुपचूप श्वास मोजायचे, 'आता श्वास मोजते' म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. असल्या छोट्या छोट्या गोष्टी आहेत सगळ्या.

शी-शू आहे. खोटं कशाला सांगू, पहिल्या आठवड्यात मी कारमध्ये बसून रडले. पण त्याची सवय दहा दिवसांत होते. सवय होत नाही ती दुसऱ्याच गोष्टींची. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही त्यांना दर दोन तासांनी वळवायचं, आणि एका रात्री स्टाफ कमी म्हणून माझ्याकडे एवढी माणसं की मी शेवटच्या खोलीत पोचले तेव्हा तीन तास झाले होते, आणि त्या बाईच्या टाचेवर लाल डाग, दाबला तरी पांढरा होत नव्हता, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. मी नर्सला सांगितलं, तिने लिहून घेतलं, उशी लावली. आजही टाच दिसली की मी दाबून बघते. पीए स्कूलच्या इंटरव्ह्यूत मला चुकीबद्दल विचारलं तेव्हा हेच सांगितलं.

आता एक गंमत सांगते, गंमत म्हणायची की नाही माहीत नाही. आमच्या मजल्यावर एक मराठी आजोबा होते, डिमेन्शिया. सगळं आयुष्य इथे नोकरीत इंग्लिश बोलण्यात गेलेलं पण आता इंग्लिश पुसलं गेलं होतं. मी दुसऱ्या विंगमध्ये होते, एका रात्री तिकडे पाठवलं. पाळी बदलताना रिपोर्ट देणारी सीएनए म्हणाली, रात्रभर चहा मागतात, मोअर टी, मोअर टी, दिला तर ढकलून देतात, मग बेडमधून उठतात आणि अलार्म वाजतो, फार अॅजिटेटेड आहेत. दोन वाजता अलार्म वाजला, मी गेले, तर ते कठडा धरून म्हणताहेत, "मोरीत. मोरीत."

माझी आजी मोरी म्हणायची. नाहीतर मलाही कळलं नसतं. त्या माणसाला बाथरूमला जायचं होतं आणि लोक त्याला चहा पाजत होते, डिकॅफ का असेना. कमरेला गेट बेल्ट (चालवताना धरायचा पट्टा) लावला, हळूहळू नेलं, बसवलं. बाहेर आल्यावर झोपले ते सकाळपर्यंत. मी केअर बोर्डवर इंग्लिशमध्ये लिहून ठेवलं, मोरी म्हणजे बाथरूम, चहा नाही. आणि नर्सलाही सांगितलं, त्यांच्या चार्टमध्ये गेलं ते. नंतर अलार्म वाजायचा, पण कमी.

खारी_बिस्किट, ८ मे

काटा आला. शेपू, हे पर्सनल स्टेटमेंटमध्ये लिहिलंस ना?

शेपू, ८ मे

नाही लिहिलं. लिहायला बसले होते पण वाचताना असं वाटायला लागलं की मी हीरो आहे आणि बाकीचा स्टाफ मूर्ख, आणि तसं नव्हतं. ती रिपोर्ट देणारी बाई हैतीची, वीस वर्षं हेच काम करतेय, मला माणूस न दुखवता कूस कशी बदलायची ते तिनेच शिकवलं. तिला मोरी कळायचं कारणच काय.

रात्रपाळी, ८ मे

सदाफुली, सासूबाईंना शेपूची पोस्ट वाचून दाखव. मावशींचं काम म्हणाल्या ना त्या? माझी आई सोलापूरला सिव्हिलमध्ये नर्स होती. ती सांगायची, राउंडला डॉक्टर येण्याआधी ती मावशींना विचारायची, आज कोण कसं आहे. कोण जेवलं नाही, कोणाची लघवी कमी झाली, कोण आज नेहमीसारखं शिव्या देत नाहीये, हे सगळ्यात आधी त्यांना कळतं. मी आज इमर्जन्सीत टेकला तेच विचारते. लॅबचे आकडे नंतर येतात.

नर्सिंग होम निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. जर्सीत २०२१ पासून कायद्याने दिवसा ८ जणांमागे एक सीएनए लागते आणि रात्री १४ मागे एक. लेकीने इंटरव्ह्यूतच विचारावं, रात्री तुमच्याकडे खरे किती असतात. उत्तर द्यायला वेळ लागला तर समजायचं. आणि नर्सिंग होममध्ये नोकरी पक्की करूनच कोर्स केला तर तिच्याकडून फी घेता येत नाही, फेडरल नियम आहे. आधी स्वतः पैसे भरून केला आणि वर्षाच्या आत लागली तरी फी परत मिळण्याची सोय आहे, पावती ठेवा.

टिंगूमिंगू, ९ मे

दिवे परत घेतो. छान धागा.

सदाफुली, २१ सप्टेंबर

मंडळी, धागा वर काढतेय. कळवायचं राहूनच जात होतं.

जूनमध्ये कोर्स झाला, हात धुण्यात पास झाली (शेपू, नळाचं तिला पाठच करून घ्यायला लावलं होतं मी). पहिल्या जागी दोनच आठवडे टिकली, तिथे रात्रीचं उत्तर द्यायला खरंच वेळ लागला होता आणि तरी आम्ही ऐकलं नाही. आता दुसरीकडे आहे, उन्हाळ्यात आठवड्याला ३६ तास केले, कॉलेज सुरू झाल्यापासून फक्त शनि-रवि. गॅप इयर घ्यायचं नक्की झालंय, नवऱ्याने दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी एक्सेल शीट करून आणलं. तारीख, तास, काय काम केलं, सुपरवायझर कोण, फोन. खाली बेरीज, बाजूला कुठल्या कॉलेजला किती लागतात त्याचे रंग. रविवारी संध्याकाळी ती सोफ्यावर आडवी होऊन सांगते आणि हा टाईप करतो. परवा विचारत होता, "पेरी केअर म्हणजे काय लिहू?" तिने सांगितलं, शी-शू झाल्यावरची खालची साफसफाई. थोडा वेळ थांबला आणि लिहिलं.

सासूबाई गेल्या महिन्यात परत गेल्या. त्यांच्याबद्दल नंतर लिहीन, सगळं काही गोड झालेलं नाही.

सध्या ३१२ तास. रात्रपाळी, एक प्रश्न होता, ओरिएंटेशनचे १६ तास यात धरायचे का? नवरा म्हणतो धरू, लेक म्हणते नाही.

रात्रपाळी, २१ सप्टेंबर

वर्गात बसून व्हिडिओ बघितलेले असतील तर नको. फ्लोअरवर कोणाच्या हाताखाली पेशंट सांभाळले असतील तर धरा. लेकीलाच विचार, तिला माहीत असेल.

सदाफुली, २१ सप्टेंबर

२९६ मग.